खाणीत मोठा अमोनाइट दिसला: काढायचा की तिथेच ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुलुंडला राहता, डिसेंबरात भुजकडे नातेवाइकांकडे गेला होतात. तिथल्या एका बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत हिंडताना दहावीतल्या भाच्याला भिंतीत रुतलेला मोठा गोल, वेटोळ्याचा दगड दिसला. टेप लावली तर व्यास ६० सेंटिमीटर भरला. भाचा म्हणतो, फेब्रुवारीत छिन्नी-हातोडी आणि टेम्पो घेऊन जाऊ आणि मुंबईला आणू. तुम्हाला हवंय ते एवढंच, की हे नक्की काय आहे, काढावं का, आणि असलं काही मुंबईच्या आसपासच मिळणार असेल तर एवढा आटापिटा कशाला.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. तुमचा दगड अमोनाइट आहे, म्हणजे वेटोळ्याचं कवच असलेल्या एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, आणि तो मुंबईजवळ मिळणार नाही. आपल्याकडच्या खाणी काळ्या पाषाणाच्या (बेसाल्टच्या), म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या. अमोनाइट हा समुद्राच्या तळाशी गाळात पुरला जाणारा प्राणी, त्याचा लाव्हाशी संबंधच येत नाही. शिवाय वयाचीही गाठ पडत नाही. शेवटचे अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले आणि मुंबई बेटांवरचे खडक बहुतेक त्यानंतरचे आहेत. दोन लाव्हांच्या मधे साचलेल्या गाळाच्या थरांत आपल्याकडे जीवाश्म आहेत, पण ते तळ्यातले आणि दलदलीतले. वरळीच्या टेकडीतले चिमुकले बेडूक प्रसिद्ध आहेत. इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन १८४७ मध्ये केलं. तिथे कासवंही सापडली. वसई, तुर्भे, कांदिवलीकडच्या खाणींतून मला ‘अमोनाइट सापडला’ म्हणून जे फोटो येतात, ते जवळजवळ सगळे बेसाल्ट झिजताना एकाआत एक सुटलेल्या गोल कवचांचे असतात. त्यात वेटोळं नसतं, नुसती वर्तुळं असतात. रेषेवर बोट ठेवून फिरवा. बोट पुन्हा निघाल्या जागीच आलं तर ते वर्तुळ. बोट आत आत केंद्राकडे गेलं तर पुढचं वाचा.

त्यातल्या त्यात जवळचे अमोनाइट म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातले, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बागकडचे, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे प्लॅसेंटिसेरास नावाचा चपटा, धारदार कडेचा अमोनाइट मिळतो. आणि मुंबईतच बघायचा असेल तर फरशीत बघा. जैसलमेरचा पिवळा दगड आणि जर्मनीहून येणारा जुरा चुनखडक या दोन्हींत कापले गेलेले शंख असतात. एखाद्या बँकेच्या किंवा हॉटेलच्या लॉबीत खाली मान घालून उभं राहिलात तर वॉचमन हटकेल, पण बघण्यासारखं असतं.

आता तुमचा दगड. फोटोंवरून सांगतो: अमोनाइटच आहे. माकूल आणि ऑक्टोपस यांच्या कुळातला, म्हणजे शीर्षपाद वर्गातला प्राणी, ज्याला बाहेरून वेटोळ्याचं कवच होतं. पण कच्छच्या त्याच खडकांत नॉटिलसच्या घराण्यातलेही मोठे शंख मिळतात, म्हणून खात्री कशी करायची तेही सांगून ठेवतो. दोघांच्याही कवचात आडव्या भिंती घालून खोल्या केलेल्या असतात; शेवटच्या मोठ्या खोलीत प्राणी राहतो, मागच्या खोल्यांत वायू भरून तो पाण्यात तरंगतो. या भिंती बाहेरच्या कवचाला जिथे टेकतात तिथे एक रेघ उमटते. वरचं कवच निघून गेलं असेल तिथेच ती दिसते. नॉटिलसमध्ये ही रेघ साधी, एखाददुसरं वळण घेतलेली असते. ज्युरासिक अमोनाइटमध्ये तिला इतके फाटे आणि फाट्यांना फाटे फुटलेले असतात की दगडावर कोथिंबिरीची पानं दाबून ठेवल्यासारखं वाटतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत खालच्या डाव्या बाजूला ती पानं आहेत. दुसरी खूण म्हणजे खोल्यांमधून जाणारी बारीक नळी. अमोनाइटमध्ये ती बाहेरच्या कडेला चिकटून जाते, नॉटिलसमध्ये भिंतीच्या मध्याच्या आसपासून. तुटलेला काप मिळाला तर हे दोन सेकंदांत कळतं.

या रेघा कुठपर्यंत दिसतात ते भाच्याला नीट बघायला सांगा, कारण आकाराचा सगळा हिशेब त्यावर आहे. प्राणी राहायचा त्या शेवटच्या खोलीत भिंती नसतात, म्हणून रेघाही नसतात. ही खोली साधारण अर्ध्या वेढ्यापासून एक पूर्ण वेढ्यापर्यंत लांब असते. रेघा जर थेट तुटलेल्या टोकापर्यंत जात असतील, तर राहती खोली पूर्ण गेलेली आहे आणि तुम्ही मोजलेले ६० सेंटिमीटर हे अपुरं माप आहे. अशा सैल वेटोळ्याच्या अमोनाइटमध्ये एका वेढ्यात व्यास ढोबळमानाने दुप्पट होतो. अर्धा वेढा जोडला तरी ८५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. जगातला सर्वांत मोठा अमोनाइट असाच अपुरा आहे. जर्मनीत वेस्टफालियातल्या झेप्पेनराड गावच्या खाणीत १८९५ मध्ये तो सापडला. आज तो जेवढा उरलाय तेवढाच पावणेदोन मीटरच्या आसपास आहे, आणि राहती खोली धरून तो अडीच मीटरचा असावा असा अंदाज केला गेला. तुमचा काही तेवढा नाही. पण देव्हाऱ्यातले शाळिग्राम, जे नेपाळच्या काली गंडकीच्या पात्रात मिळणारे अमोनाइटच असतात, ते बहुधा मुठीत मावतात. त्या मानाने तुमचा दांडगा आहे.

एक बारकावा आणखी. शेवटच्या काही रेघा एकमेकींना चिकटून आल्या असतील तर प्राण्याची वाढ थांबली होती, तो पूर्ण वाढलेला होता. अमोनाइटमध्ये एकाच जातीचे दोन आकार असतात, मोठा आणि लहान. मोठी ती मादी आणि छोटा तो नर असं आज बहुतेक जण मानतात. म्हणजे तुमच्याकडे बहुधा एक मादी आहे, आणि तिचा जोडीदार, असलाच तर, त्याच थरात हाताच्या पंजाएवढा कुठेतरी पडलेला असेल. मोठा दगड दिसला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि पायाखालच्या छोट्यांकडे कुणी बघत नाही. ही मला खाणींवरची सर्वांत चीड आणणारी सवय वाटते.

हा कोणत्या थरातला? भिंतीचा दगड लालसर तपकिरी आहे आणि त्यात मिलिमीटरभराचे गोल कण आहेत. त्यावरून आणि खाणीच्या ठिकाणावरून मला हा ढोसा ऊलाइट वाटतो (ऊलाइट म्हणजे अशा गोल कणांचा खडक). भुजजवळच्या ढोसा गावावरून त्याला हे नाव मिळालंय. कच्छमधल्या खडकथरांच्या चारी नावाच्या शैलसमूहातला हा सर्वांत वरचा भाग, वय सुमारे १६ कोटी वर्षं, ज्युरासिकमधला ऑक्सफर्डियन काळ. मोठे, बरगड्यांचे, सैल वेटोळ्याचे पेरिस्फिंक्टिड अमोनाइट या थरात असतात. त्यांच्याबरोबर मायाइटीस नावाचा फुगीर अमोनाइटही मिळतो. तुमच्या फोटोतल्या बरगड्या बाहेरच्या कडेकडे जाताना दुभंगतात, त्यामुळे मी पेरिस्फिंक्टिड म्हणेन. त्यापुढे प्रजाती-जात फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही.

या थराचं एक वैशिष्ट्य आहे. तो फार सावकाश साचला. समुद्राच्या तळावर गाळ जवळजवळ येतच नव्हता, आलेला पुन्हा उकरला जात होता. त्यामुळे थोड्याशा जाडीत पुष्कळ काळ दाबून बसलाय, आणि वेगवेगळ्या काळातले अमोनाइट शेजारी शेजारी आलेत. कधी कधी तर जुना शंख उकरून निघून वरच्या थरात नव्याने पुरला गेलेला असतो. तुमच्या अमोनाइटची वरची बाजू गुळगुळीत झिजलेली दिसते आणि तिच्यावर शिंपल्यांचे दोन-तीन ठसे आहेत. याचा अर्थ तो अर्धा गाळात आणि अर्धा उघडा असा बराच काळ तळावर पडून होता, आणि उघड्या भागावर कालवांनी बिऱ्हाड केलं. चांगली बाजू खाली आहे, खडकाच्या आत. जी दिसतेय ती वाईट बाजू. हे कळलं की भाच्याच्या हातातली हातोडी आणखी शिवशिवेल, म्हणून आत्ताच सांगतो: काढू नका. निदान असं, दोघांनी जाऊन एका दुपारी तर नाहीच.

कारण सांगतो. कच्छच्या अमोनाइटांवर लोक जवळजवळ दोनशे वर्षं काम करतायत. बॉम्बे इंजिनिअर्सच्या कॅप्टन ग्रँटने कच्छचा भूवैज्ञानिक नकाशा आणि त्यासोबतचा निबंध १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला, जीवाश्मांसकट. नंतर १८७०च्या दशकात वागेन या जर्मन भूवैज्ञानिकाने कच्छच्या शीर्षपादांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे स्पाथ या ब्रिटिश अमोनाइटतज्ज्ञाने १९२७ ते १९३३ या काळात सगळं नव्याने तपासलं. स्पाथ लंडनमध्ये बसून, दुसऱ्यांनी गोळा केलेले नमुने समोर ठेवून काम करत होता. कोणता शंख कोणत्या थरातून, अगदी किती इंचांवरून आला, ही माहिती अनेक नमुन्यांबरोबर नव्हतीच. परिणाम असा की थोडा वेगळा दिसला की नवी जात, असं करत जातींची भली मोठी यादी झाली, आणि नंतरच्या पिढ्यांना कच्छात जाऊन, थर मोजून, त्यातल्या कितीतरी जाती पुन्हा एकत्र कराव्या लागल्या. नर-मादीला वेगळी नावं दिली गेली होती, तीही एकत्र आली. शंख उत्तम होते; कुठून उचलले ते मात्र लिहिलेलं नव्हतं. तुमचा अमोनाइट मुलुंडच्या हॉलमध्ये आला की तोही अशाच ठावठिकाणा नसलेल्या नमुन्यांत जमा होईल, आणि दाबून बसलेल्या थरातून आलेला असल्यामुळे जरा जास्तच निरुपयोगी होईल. २० सेंटिमीटर वर की खाली, यावर इथे काळ बदलतो.

दुसरं कारण साधं वजनाचं. ६० सेंटिमीटर व्यास आणि १५ सेंटिमीटर जाडी धरा. सबंध चकती शंभर किलोच्या वर जाते. मधला खळगा आणि कडेची निमुळती जाडी वजा केली तरी ७०-८० किलो उरतात, आणि त्याला चिकटलेला खडक वेगळा. तो एकसंधही नसतो. राहत्या खोलीत गाळ भरून दगड झालेला असतो, पण आतल्या खोल्यांत कॅल्साइटचे स्फटिक असतात, काही अर्धवट पोकळ. त्यात सुरुंगाच्या खाणीत अख्खी भिंत आधीच तडकलेली असते. छिन्नीचा ठोका कडेला बसतो आणि तुकडा मध्यातून उडतो. अशा पद्धतीने काढलेल्या मोठ्या अमोनाइटांच्या बाहेरच्या दीड वेढ्याचे तुकडे आणि मधल्या भागाचा चुरा, हे दृश्य या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

याला एक अपवाद मी मानतो. खाण चालू असेल आणि ती भिंत पुढच्या आठवड्यात खडी क्रशरकडे जाणार असेल, तर तिथेच ठेवा हा सल्ला म्हणजे शुद्ध मूर्खपणा. तेव्हा मिळेल त्या मार्गाने वाचवायचं, तुकड्यांत का होईना. तुमची खाण बंद आहे. १६ कोटी वर्षं टिकलेला दगड आणखी दोन-तीन महिने टिकेल. मात्र खाण पुन्हा सुरू होणार आहे का, हे गावात विचारून घ्या. तुमच्या नातेवाइकांना ते एका फोनवर कळेल.

तेव्हा फेब्रुवारीत जा, जरूर जा, फक्त टेम्पोऐवजी वही न्या. बंद खाणही कुणाच्या तरी लीजवर किंवा सरकारी जमिनीवर असते, म्हणून आधी लीजधारकाची किंवा गावातल्या मुकादमाची लेखी परवानगी घ्या. खाणीतल्या सुरक्षिततेसाठी कायदा आहे. जीवाश्मांसारख्या भूवारशासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये काढला होता. पण कायदा काहीही म्हणो, मालकाला न विचारता काढलेला नमुना कोणतीही चांगली संस्था ठेवून घेत नाही, हे लक्षात असू द्या. डोक्यावर हेल्मेट हवं. भिंतीखाली बसून काम करायचं नाही. वर लोंबणारा दगड असेल तर लांबूनच फोटो काढून परत या. कच्छात फुरसं भरपूर, ते दगडांच्या सांदीत बसतं. हात घालण्याआधी काठी घाला.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. नाणं किंवा पेन ठेवू नका, मोजपट्टीच. एक फोटो समोरून, एक कडेच्या बाजूने, एक रेघांचा अगदी जवळून, आणि एक इतका लांबून की पूर्ण भिंत आणि त्यात अमोनाइट कुठे आहे ते दिसेल. हा शेवटचा फोटो लोक काढत नाहीत आणि मला सगळ्यांत आधी तोच हवा असतो. मग भिंतीचा खालपासून वरपर्यंत थरांचा तक्ता वहीत काढायचा: प्रत्येक थराची जाडी, रंग, कण बारीक की जाड, गोल कण आहेत का, आणि अमोनाइट कोणत्या थराच्या तळापासून किती सेंटिमीटरवर आहे. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश लिहा. अमोनाइटचे चार आकडे घ्या: पूर्ण व्यास, मधल्या खळग्याची रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची आणि जाडी. खळग्याच्या रुंदीला व्यासाने भागलं की वेटोळं किती सैल ते एका आकड्यात कळतं, आणि जात ठरवताना तो आकडा पहिल्यांदा विचारला जातो. भाचा दहावीत आहे ना, त्याला हे काम द्या. त्याच थरातले सुटे पडलेले छोटे अमोनाइट, शिंपले, बेलेम्नाइटच्या (माकुळासारख्या नामशेष प्राण्याच्या) कांड्या उचलायला हरकत नाही, परवानगी असेल तर. प्रत्येक वेगळ्या कागदात, वर थराचा क्रमांक. घळीत लांब पडलेला तुकडा उचललात तर ‘सुटा, थर माहीत नाही’ असंच लिहा. अंदाजाने थर टाकू नका.

नंतर कधी तो काढायचं ठरलंच, तर पद्धत अशी असते. आधी तडे एसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेने मुरवतात, कारण ते नंतर पुन्हा विरघळवून काढता येतं. फेव्हिकॉल, सिमेंट, एम-सील यांतलं काही लावायचं नाही. मग चारी बाजूंनी हातभर अंतर ठेवून खडक खोदतात, म्हणजे जीवाश्म एका दगडी खांबावर उभा राहतो. त्यावर ओला कागद, वर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. सुकल्यावर खांब खालून तोडून सगळं उलटं करतात. निघालेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात, खडकात राहिलेला ठसाही बरोबर आणतात. चार-पाच माणसांचं दोन दिवसांचं काम आहे, आणि त्यातल्या एकाने तरी ते आधी केलेलं असावं.

आणि समजा, माझं न ऐकता तो मुंबईला आलाच, तर दोन गोष्टी तरी पाळा. टॉयलेटच्या अॅसिडने किंवा व्हिनेगरने साफ करू नका. शंख आणि भोवतीचा दगड दोन्ही चुनखडी आहेत, आधी नक्षी विरघळेल. आणि कच्छचा दगड पुष्कळदा खारट असतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्यातलं मीठ ओलं होतं, ऑक्टोबरात सुकून फुलतं, आणि दर वर्षी पृष्ठभागाचे पापुद्रे काढत जातं. आत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर त्याहून वाईट, दमट हवेत त्याचं आम्ल बनतं आणि दगड आतून भुगा होतो. बाल्कनीत तर मुळीच ठेवू नका. कच्छच्या कोरड्या हवेत तो तुमच्या घरातल्यापेक्षा सुरक्षित आहे, हे मी नुसतं म्हणण्यापुरतं म्हणत नाही.

कळवायचं कुणाला? सर्वांत आधी भुजमधल्या कच्छ विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला. ते जागेपासून जवळ आहेत आणि हे थर त्यांच्या रोजच्या पायाखालचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही कच्छवर काम होतं. आपल्या बाजूला पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे, तिच्याकडे जीवाश्मांचा मोठा संग्रह आहे. मुंबईतल्या मुंबईत विचारायचं असेल तर पवईच्या आयआयटीचा भूविज्ञान विभाग. ईमेलमध्ये ‘दुर्मीळ’, ‘सर्वांत मोठा’ असले शब्द घालू नका, असल्या ईमेल रोज येतात. भिंतीचा लांबून काढलेला फोटो, थरांचा तक्ता, चार आकडे, अक्षांश-रेखांश आणि लीजधारकाची परवानगी आहे की नाही, एवढं एका पानात पाठवा. भाच्याचं नाव शोधणारा म्हणून लिहा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर फोन करा. फेब्रुवारी-मार्च हा कच्छच्या फील्डवर्कचा मोसम, माणसं बाहेर असतात, आणि नेमकी तुमच्याच खाणीच्या जवळपास असण्याचीही शक्यता असते.